‘तीच साडी परत?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

‘नागपूरचं लग्न, एकच बॅग’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: थर्ड एसीत माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, मग सात किलोच्या एकाच बॅगेचा हट्ट कशाला? घामामुळे दिवसाला दोन जोड लागतातच. तीच साडी परत नेसली की सासरकडच्या बायका बोलतात. आणि वर, ‘ही फॅडं पुरुषांना ठीक आहेत.’

40 किलोचं खरं आहे. पण ते रेल्वे उचलून देत नाही. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळची, ऐन ऑफिसं सुटायच्या वेळेची. परळहून तुम्ही टॅक्सीने दादरला गेलात तरी पुलाचा जिना चुकत नाही, आणि त्या गर्दीत दोन सुटकेसा, वर आहेराची पिशवी सांभाळताना नेसलेल्या साडीची जी दशा होते ती तुम्हीही पाहिली असेल. सात किलोचं म्हणाल, तर देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला बहुतेक तेवढीच मुभा असते. एकदा त्या मापात भरायची सवय लागली की गाडी असो वा विमान, फेरभरणी करावी लागत नाही.

घामाचा मुद्दा मुंबईपुरता मान्य. इथली हवा दमट, घाम वाळतच नाही, म्हणून आपण दुपारी कपडे बदलतो. मे महिन्यातलं नागपूर म्हणजे कोरडी भट्टी. ऊन 44-45 अंशांवर जातं, पण रात्री धुतलेला सुती कुर्ता सकाळी कडक वाळलेला असतो. मुंबईच्या हिशेबाने तिथले कपडे मोजले की बॅग दुप्पट होते.

आता साडी. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. साडी एकटी कधी जात नाही. तिच्यामागे ब्लाउज, परकर, जमलं तर मॅचिंग चपला आणि बांगड्याही जातात. पाच साड्या म्हणजे पाच संसार! मी साड्या नंतर निवडते, आधी ब्लाउज. काळ्या किंवा गडद मरून खणाचा एक, उत्तम शिवलेला, काखेत न काचणारा. त्यावर चालतील अशाच साड्या घ्यायच्या. साक्षगंधाला किंवा सीमांतपूजनाला माहेश्वरी, रिसेप्शनला क्रेप. या दोन्ही मिळून एका भरजरी शालूएवढ्याही जड होत नाहीत. मुहूर्ताला मात्र पैठणीच, तिच्या स्वतःच्या ब्लाउजसकट. तिथे मी काटकसर करत नाही. पैठणीची घडी पदर आत ठेवून घालायची, जुन्या मलमलच्या ओढणीत गुंडाळायची आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवायची. घडीवर वजन पडलं की जरीची तार तिथेच मोडते. परकर दोन, गडद आणि फिका. दागिन्यांत मोत्यांचा एक सेट, तो सगळ्यावर जातो. माहेश्वरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पूजेला परत नेसते. हो, तीच.

बायका बोलतात, हेही खरं. बोलणारी दहा साड्या नेल्या तरी बोलते. ‘एवढ्या कशाला आणल्या’ म्हणून बोलते. पण फोटो काढून बघा. साडी दुसऱ्यांदा नेसलीय हे दिसत नाही, दंडावर घट्ट झालेलं ब्लाउज आणि विस्कटलेल्या निऱ्या लगेच दिसतात. दोन नव्या साड्यांचे पैसे एका चांगल्या शिंप्याला द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुषांबद्दल न बोललेलं बरं. आमच्याकडे सगळ्यात जड बॅग नवऱ्याची असते, कारण बूट. ते पायात घालून निघायचं हे त्यांना अजून पटलेलं नाही.

लहान मूल किंवा औषधपाणी असलेलं वडीलधारं माणूस सोबत असेल तर सात किलोत भागणार नाही. तिथे भागवायचा प्रयत्नही करू नका.

तुम्ही जूनमधल्या चिपळूणच्या लग्नाचं विचारलंय. तिथे नागपूरची बॅग चालणार नाही. जाड सुती काहीच नेऊ नका, पावसात दोन दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं. जॉर्जेट किंवा क्रेप न्या. धुतलेला कपडा पिळून कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि तिच्यावर पाय देऊन दाबा. पाणी टॉवेल ओढून घेतो. मग पंख्याखाली टाकला की सकाळपर्यंत अंगात घालण्याजोगा होतो. टॉवेल मात्र यजमानांचा वापरा, आपला पंचाच ठेवा. कोल्हापुरी घरी राहू द्या. रबरी तळाची साधी काळी सँडल घ्या, काठाखाली तिच्याकडे कोणी बघत नाही.