स्वस्त गोळी, फ्री डिलिव्हरी

गर्भनिरोधक स्वस्तात पाहिजे ना, मग ऑनलाइनच शोधा. सिव्हिलला चुकूनही जाऊ नका. तिथे निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, सगळं फुकट असतं, कॉपर-टी पण फुकटात बसवतात आणि 380ए प्रकारची असेल तर 10 वर्षं बघायला नको. पण तिथे कोणीतरी मावशी भेटणार आणि "काय गं, तू इकडे कुठे?" होणार. शिवाय फुकटला कूपन कोड लागत नाही, मग वाचवल्याचं समाधान कुठून मिळणार?

तर रात्री सगळे झोपले की ब्राइटनेस कमी करा आणि ॲप उघडा. पाकीट शंभरचं, फ्री डिलिव्हरी पाचशेच्या वर, म्हणून फेसवॉश टाका, च्यवनप्राश टाका, टाचांच्या भेगांचं क्रीम टाका (भेगा नसल्या तरी), असं करत करत डिलिव्हरीचे चाळीस रुपये वाचवा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी भजन लावायला फोन मागितला की अभंगाच्या आधी कसली जाहिरात येते ते बघाच.

डॉक्टरबिक्टर नको, रिव्ह्यू आहेत ना. बीपी असेल किंवा पस्तिशी उलटून सिगारेट चालू असेल तर नेहमीची हार्मोनची गोळी चालत नाही, असं डॉक्टर सांगतात, पण इथे कोणीतरी पाच स्टार देऊन "पॅकिंग छान" लिहिलंय, त्यापुढे एमबीबीएस काय चीज आहे.

इमर्जन्सी गोळी तर ऑनलाइनच मागवायची! ती संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यावी लागते, जेवढी लवकर तेवढी बरी. आज रविवार, आणि ॲप म्हणतंय गुरुवारपर्यंत येईल. इथे नाशिकच्या सिडकोत चार पावलांवर मेडिकल आहे, चिठ्ठीशिवाय मिळते, पण काउंटरवरचा दादा पेपरात गुंडाळताना असा बघतो की जणू आपण गावठी कट्टा मागितलाय. त्यापेक्षा घरी बसून ट्रॅकिंग रिफ्रेश करा, पार्सल भिवंडीहून निघालं, आता कसारा घाटात असेल. (पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तरी काम होतं, पण ती काय पार्सलने येत नाही, म्हणून सोडून द्या.)

खोक्यावर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे वॉचमनकाका ते कानाशी हलवून बघतात आणि तुम्ही घरी नसाल तर शेजारच्या काकूंकडे ठेवतात, एकदम सेफ. आशाताई दारात आल्या तर मात्र "नंतर या" म्हणा, त्यांच्या पिशवीत निरोध, गोळ्या हेच सगळं असतं.

आणि नवऱ्यासमोर पुरुष नसबंदीचं नाव काढू नका हं. बिनटाक्याची असते, थोड्या वेळाचं काम, त्याच दिवशी घरी, पुढचे तीन महिने तेवढी निरोध वापरून काळजी घ्यायची, वर सरकारच पैसे देतं. पण ह्यांना नेमकं तेव्हाच आठवतं की आपल्याला सिलेंडर उचलावा लागतो, जो गेली कित्येक वर्षं तुम्हीच सरकवताय. फारच मागे लागलात तर म्हणतील, बघू, 2027 चा कुंभमेळा होऊन जाऊदे, आता गर्दी फार आहे.