मे महिन्यात माहेरी, सायकलवर

"मे महिन्यात? वेड लागलंय का?" निघायच्या आधी निदान चाळीस जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सांगून टाकते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. सलग सुट्टी मिळते ती मे महिन्यातच. डिसेंबरात हवा किती छान असते हे मलाही ठाऊक आहे, पण डिसेंबरात माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. आणि माहेरी उन्हाळ्यातच जायचं, ही रीत काय मी काढली? दरवर्षी बसने जाते, यंदा सायकलने गेले. एवढंच.

इंदूर ते धुळे. राजेंद्र नगरातून निघून राऊ, महू, मानपूर, घाट उतरून धामनोद, खलघाटला नर्मदा, मग जुलवानिया, सेंधवा, बिजासनचा घाट, शिरपूर, तापी, सोनगीर आणि धुळे. म्हणजे आपला जुना आग्रा-मुंबई रस्ता. अडीचशेच्या वर किलोमीटर, चार दिवस. सोबत माझी नणंद, म्हणजे आमची ताई. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांची तक्रार कायमची. लोकांच्या नणंदा टोमणे मारतात, माझी पंक्चर काढते. आमचे हे दर तासाला फोन करत होते आणि आम्ही दर दोन तासांनी उचलत होतो.

पहाटे साडेचारला सायकल काढायची, दहाला सावली गाठायची, पुन्हा पाचनंतर दोन तास. कागदावर हे फार सोपं दिसतं. माळव्यात ते जमतंही, कारण आपल्याकडे रात्री गारवा असतो. पण मानपूरचा घाट उतरलात की निमाड सुरू होतो, आणि निमाड म्हणजे तव्यावर उतरणं. तो गणपती घाट ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी बदनाम आहे. आमच्या सायकलींचे ब्रेक रिमला रबर घासून लागणारे. सारखे दाबून धरले की रिम तापते, फार तापली तर ट्यूब फुटू शकते. म्हणून पुढचा, मागचा, आलटून पालटून, आणि मधे मधे थांबून. एका थांब्यावर ताईने रिमला बोट लावून पाहिलं आणि जे काही उद्गारली ते इथे लिहिता येणार नाही. बोटावर फोड आला.

उन्हाचं म्हणाल तर एक गोष्ट मी वीस वर्षं फळ्यावर शिकवत आले, ती या चार दिवसांत अंगाला कळली. एक लिटर घाम वाळताना अंगातली जवळजवळ २४०० किलोज्यूल उष्णता ओढून नेतो. हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा आपल्याला गार करत नाही, उलट तापवतो. तेव्हा सगळी भिस्त घामावर. आणि निमाडच्या कोरड्या हवेत घाम दिसतच नाही. येतो तसा वाळतो, मागे मीठ उरतं. संध्याकाळी माझ्या काळ्या कुर्त्याच्या पाठीवर पांढरे नकाशे असायचे. नुसतं पाणी पीत राहिलं की मग डोकं दुखतं, मळमळतं. ताईला दुसऱ्या दिवशी तेच झालं, कारण तिला गोड पाणी आवडत नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मी तिला धाक दाखवून पाजलं. बाटल्यांना ओले सुती मोजे चढवले होते. आपल्याकडे पूर्वी जीपला कॅनव्हासची छागल लटकवायचे ना, तेच. पाणी फार गार होत नाही, पण चहा व्हायचा थांबतो.

खलघाटला पुलाच्या अलीकडे एका घरासमोर आम्ही सायकली टेकवल्या. आतून आजी आल्या, आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडून म्हणाल्या, "नर्मदे हर." आम्हीही म्हणालो. मग लक्षात आलं, त्या आम्हाला परकम्मावासी, म्हणजे नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या, समजल्या. मी घाईघाईने खुलासा केला की नाही हो, आम्ही पूल ओलांडून पलीकडे जाणार. परकम्मेत मैया ओलांडायची नसते, हे त्यांना मी काय सांगावं! त्या म्हणाल्या, "तो क्या हुआ, भूख तो लगी होगी." ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. चूक सुधारल्यावरही ताट तेच राहिलं. नर्मदाकाठी वाटसरूला जेवू घालणं हा उपकार नसतो, ती घराची रोजची कामं असतात त्यातलंच एक काम असतं. आजी आमचं खाणं होईपर्यंत समोर गहू निवडत बसल्या होत्या, फारसं बोलल्याही नाहीत. मला ते फार आवडलं.

आता जुलवानियाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं मागचं चाक बसलं. ताईने रस्त्याच्या कडेला पंक्चर काढलं. एक किलोमीटरवर पुन्हा बसलं. तिने पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा अकरा वाजले होते, मोबाइल ४३ दाखवत होता आणि ताईचा चेहरा ओकाऱ्या काढून पांढरा पडला होता. सायकली ढकलत आम्ही निघालो. सावली म्हणाल तर आमच्या स्वतःच्या पायाखाली, तीही वीतभर.

मग ताडपत्रीची एक टपरी आली. ट्रकचे टायर रचलेले, दुकानदार चाळिशीचा, बनियनवर. त्याने सायकलीकडे बघितलंच नाही. आधी खाट सावलीत ओढली, गळ्यातला गमछा माठात बुडवला, पिळला आणि ताईला दिला, "माथे पर रखो." मग माझ्याकडे वळून, "अब बताओ."

ट्यूब काढून त्याने पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे शोधले. ताईचे दोन पॅच पाहून मान हलवली, वाईट नव्हते म्हणे. पण पॅच लावायच्या आधी त्याने टायरच्या आतून सावकाश बोट फिरवलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा थांबला. पक्कड घेतली आणि केसाएवढी एक तार उपटून माझ्या तळहातावर ठेवली. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या पोलादी तारांचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडतात, आणि सायकल कडेनेच चालते. "तार निकाले बिना पंचर बनाया तो बनाते ही रहोगे." ताई पडल्या पडल्या म्हणाली, "वहिनी, हे मला ठाऊक होतं." ठाऊक होतं खरं. उन्हात डोकं चालत नाही.

त्याने पंक्चरचे तीस रुपये घेतले. बाकी कशाचे नाही. चार वाजेपर्यंत निघू मात्र दिलं नाही.

त्या पाच तासांत आम्ही दोघींनी त्याचा माठ जवळजवळ रिकामा केला. साधारण तीनच्या सुमाराला त्याची मुलगी आली, असेल बारा वर्षांची, डोक्यावर एक हंडा आणि कमरेवर कळशी. माझ्या शाळेत सातवीत बसली असती. माठात डोकावली, आमच्याकडे बघितलं, काही बोलली नाही, आणलेलं पाणी ओतलं आणि पुन्हा निघाली. हापसा रस्त्याच्या पलीकडे, चार पदरी रस्ता ओलांडून. मी "मी येते" म्हणून उठले तर हसून पळाली.

घरी आल्यावर फोटो टाकले आणि खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला. "माणुसकी अजून जिवंत आहे." "खरा भारत खेड्यात." मंडळी, तुमचं प्रेम मला कळतं, पण मला ही वाक्यं टोचली. आम्ही प्यायलो ते पाणी त्या मुलीने डोक्यावरून आणलं होतं. त्याच दिवशी सकाळी एका टोलनाक्यावर आम्ही पाण्यासाठी थांबलो होतो. कूलर होता, नळ कोरडा, खाली वाळलेलं शेवाळ. तिथल्या पोऱ्याने "आगे मिल जाएगा" म्हटलं, आणि खरंच पुढे मिळालं, ते त्या पोरीच्या हंड्यातलं.

राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला आणि सायकलला टोल नाही. चांगलंच आहे. पण कधी कधी वाटतं, टोल नाही म्हणून आपण हिशोबातही नाही. मी १९९८ साली लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि चिंचा दिसायच्या. आता मधल्या दुभाजकात कण्हेर आहे. कण्हेरीच्या सावलीत एखादी चिमणी बसेल. रस्ता रुंद झाला, वेळ वाचला, मी स्वतः त्याच रस्त्याने चार तासांत माहेरी पोचते, तेव्हा रस्त्याला शिव्या देणार नाही. पण सायकलवर फक्त आम्ही हौशी बायका नव्हतो. दूधवाले होते, मजूर होते, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारे होते. ते रोज जातात, त्यांचे फोटो कोणी टाकत नाही.

आपण इंदूरकर अहिल्याबाईंचं नाव ऊठसूट घेतो. विमानतळाला त्यांचं नाव, विद्यापीठाला त्यांचं नाव. १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य केलं, आणि विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या त्या स्वतःच्या राज्याबाहेरसुद्धा. वाटसरूला पाणी मिळणं हे त्यांनी वाटेवरच्या कुणा भल्या माणसाच्या मर्जीवर सोडलं नव्हतं. त्यांचं महेश्वर आमच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही पाण्यासाठी एका पंक्चरवाल्याच्या दारात.

आणखी एक, बायकांसाठी. मदत आली की आपण आधी हिशोब करतो. एक जीप तीनदा पुढे जाऊन थांबली, "मॅडम, सायकल वर टाका, सोडतो." कदाचित भली माणसं असतील. आम्ही नाही म्हणालो, तिसऱ्यांदा जरा रागानेच. त्यांना वाईट वाटलं असेल तर वाटो. याउलट बिजासनच्या घाटात एका ट्रकवाल्याने आमच्या मागे इंडिकेटर लावून गाडी बैलगाडीच्या वेगाने आणली, वळणं संपेपर्यंत. ना हॉर्न, ना शब्द. घाट संपला तेव्हा क्लीनरने खिडकीतून हात हलवला आणि गेले. मदत करणाऱ्याने अंतर ठेवलं की ती घेणं किती सोपं होतं, हे पुरुषांना समजावून सांगावं लागतं.

खानदेशाबद्दल फार लिहीत नाही, माहेराबद्दल मी निःपक्षपाती नाही. सीमा ओलांडल्यावर 'प्याऊ'ची 'पाणपोई' झाली, आणि सोनगीरच्या अलीकडे एका टरबूजवालीने "बस वं माय, सावलीमा" म्हटल्यावर मी जरा रडले. ताईला सांगितलं, डोळ्यात घाम गेला. घरी आईने दार उघडलं, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न, "बसला पैसे नव्हते का?" मग रात्री शेवभाजी, आणि ताईच्या गुडघ्याला तिने स्वतः तेल लावलं.

गमछा ताईच्या डोक्यावर राहिला तो थेट धुळ्यापर्यंत. निघताना परत द्यायचा दोघीही विसरलो. तीनदा धुतला, सोल्युशनचा वास जात नाही. शाळा उघडायच्या आत जुलवानियाला जाऊन देऊन यायचा आहे, आणि मी म्हणतेय की सोबत पाण्याची एक मोठी टाकीही न्यावी. ताई म्हणते टाकी ठीक आहे, पण मग सायकलवर कशी नेणार? आणि बसने यायला ती तयार नाही.