किटोनची पावडर गाउटच्या गोळीची जागा घेत नाही

‘भात-भाकरी बंद करा, किटोनची पावडर घ्या, आठ दिवसांत गाउट मुळापासून जातो, ॲलोप्युरिनॉल लागत नाही.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. गाउट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज, ॲलोप्युरिनॉल ही ते ॲसिड कमी करणारी गोळी, आणि किटोन म्हणजे चरबी जळताना शरीरात तयार होणारे पदार्थ. तो मजकूर वाचून कुणी गोळी सोडू नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘किटोन सूज उतरवतात हे सिद्ध झालंय.’ यात थोडं तथ्य आहे. सांध्यात साचलेल्या युरेटच्या (युरिक ॲसिडच्या क्षाराच्या) सुईसारख्या स्फटिकांवर पांढऱ्या पेशी तुटून पडतात, एनएलआरपी३ ही पेशींमधली सूज पेटवणारी यंत्रणा जागी होते आणि अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे किटोन ती यंत्रणा दाबतं, हे २०१५ मध्ये दिसलं. २०१७ च्या प्रयोगात कीटो आहारावरच्या (म्हणजे कार्ब, पिष्टमय पदार्थ, जवळजवळ बंद असलेल्या) उंदरांच्या गुडघ्यात स्फटिक टोचले, तेव्हा सूज कमी आली. पण ते स्फटिक बाहेरून टोचलेले होते. उंदरांच्या शरीरात युरिक ॲसिड फोडणारं युरिकेज असतं, आपल्यात नसतं. आपला आजार सुरू होतो तो नेमका तिथून.

‘युरिक ॲसिड उतरतं.’ सुरुवातीला तर ते चढतं! किटोन वाढले की किडनी युरेट धरून ठेवते. माणसांना शिरेतून किटोन देऊन हे १९६५ मध्येच दाखवलं गेलं. कडक उपासात आणि कीटोच्या पहिल्या काही आठवड्यांत आकडा वाढतो, पुढे बहुतेकांचा पूर्ववत होतो. पण ज्याचा अंगठा आधीच सुजतो, त्याला त्या आठवड्यांतच झटका येऊ शकतो.

‘मला आठ दिवसांत आराम पडला.’ पडला असेल, मी खोटं म्हणत नाही. पण गाउटचा झटका काहीही न घेता एक-दोन आठवड्यांत ओसरतो. स्फटिक मात्र आत तसेच राहतात. ते विरघळायला रक्तातलं युरिक ॲसिड ६ च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली महिनोन्‌महिने राहावं लागतं.

‘दोष कार्बचा आहे.’ साखर आणि कोल्ड्रिंक सोडा, हे मलाही मान्य आहे, कारण फ्रुक्टोजमुळे युरिक ॲसिड वाढतं. वजन हळूहळू उतरलं तरी फायदाच. पण ज्वारीच्या भाकरीने काय घोडं मारलंय? ती काढून ताटात कलेजी आणि मांदेली वाढली, तर उलटंच होईल. सुमारे ४७,००० पुरुषांच्या २००४ मधल्या अमेरिकी अभ्यासात मांस-मासळीने गाउटचा धोका वाढला, दुधाने घटला, आणि पालक-डाळींनी वाढला नाही. घरोघरी आधी डाळच बंद होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पावडरीत किटोन बहुधा सोडियमसारख्या क्षारांना जोडलेलं असतं, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी पाहावं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कीटो करूच नये. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं.

राहिली ॲलोप्युरिनॉलची गोष्ट. ती १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून आकडा ६ च्या खाली येईपर्यंत वाढवायची असते. जुने स्फटिक विरघळू लागले की पहिल्या काही महिन्यांत झटके येतात, म्हणून सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिनसारखं औषध देतात. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. माणसाला वाटतं, गोळी लागू पडत नाही. आणि त्याच दिवसांत हा मजकूर त्याच्या हाती पडतो.