तोंडावर बोलणारे आणि तोंडसुख घेणारे

लिनक्स ही ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेली) संगणकप्रणाली सुरू करणारा लिनस टॉरवल्ड्स सहकाऱ्यांना शिव्या द्यायचा म्हणून लिनक्स एवढं भक्कम झालं, असं सांगणारा एक तरी जण आमच्या जळगावच्या ओपन सोर्स गटाच्या बैठकीत निघतोच. वर पुस्ती असते, "आपण खान्देशी माणसं, तोंडावर बोलतो. झेपत नसेल त्याने येऊ नये."

मला हे पटत नाही, आणि हेही तोंडावरच सांगतो.

मेहरूण तलावावर "तुले काही समजस का नही, भो?" असं विचारणारा दोस्त पाच मिनिटांनी चहाचे पैसे देतो. समोरच्याला त्याचं घर ठाऊक असतं, त्याच्या बहिणीच्या लग्नात हा पंगतीला वाढायला राबलेला असतो. म्हणून ते बोलणं लागत नाही. असे प्रोजेक्ट जिथे चालतात त्या गिटहब साइटवर तसलंच वाक्य अनोळखी माणसाकडून येतं तेव्हा मागचंपुढचं काहीच नसतं. स्क्रीनवर नुसता अपमान उरतो.

चोपड्याकडची एक मुलगी आमच्या गटात आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एका अॅपमध्ये मराठी निवडलं की डिलीटच्या बटणावर 'रद्द करा' आणि कॅन्सलच्या बटणावर 'काढून टाका' दिसायचं. म्हणजे घाबरून मागे फिरणाऱ्याचाच डेटा उडणार! तिने फाइल शोधली, दोन ओळी बदलल्या, पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारा अशी विनंती) टाकली. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर आलं: नियम वाचता येत नसतील तर आमचा वेळ घालवू नका. रिक्वेस्ट बंद.

आता तांत्रिक बाजू त्या मेंटेनरचीच बरोबर होती. त्या प्रोजेक्टची भाषांतरं वेबलेट या भाषांतराच्या साइटवर होतात आणि तिथून फायलीत येतात, त्यामुळे थेट फाइल बदलली तर पुढच्या वेळी ते पुसलं जाण्याची शक्यता असते. पण हे सांगायला एक ओळ आणि एक लिंक पुरली असती. तो जे बोलला ते टाइप करायलाही तेवढाच वेळ लागला असेल. मुलगी पुन्हा तिकडे फिरकली नाही, बटणं अजून उलटीच आहेत.

आणि टॉरवल्ड्सचं म्हणाल, तर सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वतःच आपल्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे सुट्टी घेतली. त्याच सुमारास कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याच्या प्रोजेक्टने) 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट' या तयार नमुन्यावर आधारलेली आचारसंहिता स्वीकारली. तेव्हा "आता लिनक्स संपलं" म्हणून गळा काढणारे कमी नव्हते. ४.१९ आवृत्ती त्याच ऑक्टोबरात आली आणि कर्नल आजही धडधाकट आहे. वाईट कोडला वाईट म्हणायला त्याला आजही कोणी अडवत नाही. कोडवर बोला, हवं तेवढं बोला. माणसाची अक्कल काढू नका, एवढंच मागणं आहे.

पण आपण नव्याने येणारे काही फार सोवळे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरभर पुल रिक्वेस्ट पाठवण्याच्या उपक्रमातल्या फुकट टी-शर्टसाठी लोकांनी प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या रीडमी फायलींमध्ये कुठे एखादं 'अमेझिंग' घुसडून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला, तोही आपल्याकडच्याच एका यूट्यूब व्हिडिओचं बघून. मेंटेनर इतके वैतागले की ज्या प्रोजेक्टची संमती असेल तिथलंच काम मोजायचं, असा नियम महिना सरायच्या आत करावा लागला. तो कचरा ज्याने उपसलाय, त्याला पुढच्या भारतीय नावाचा राग आला तर तो चुकीचाच. पण कुठून आला ते कळतं. "सर प्लीज असाइन मी" (हे काम मला द्या) हा मेसेज दहा ठिकाणी चिकटवणं हाही उद्धटपणाच आहे, फक्त 'सर' लावलेला.

याहून वाईट प्रकार एक्सझेडचा. फाइल लहान करणारं हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं आणि ते वर्षानुवर्षं प्रामुख्याने लासे कॉलिन हा फिनलंडचा एकटा माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे टुमणं लागलं: कामं रखडलीत, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या, तरी टोमणे सुरूच. त्यातलं एक नाव होतं 'जिगर कुमार'. बहुधा बनावट, पण वापरायला नाव आपल्याकडचंच सापडलं! पुढे 'जिया टॅन' नावाच्या मदतनिसाकडे कोड बदलण्याचे हक्क गेले आणि २०२४ च्या आवृत्त्यांत चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप आत शिरू देणारा कोड, निघाला. मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो मागे लागला, म्हणून जग वाचलं. त्या टोमण्यांवर "अरे, दमानं घ्या" असं चार जण ठामपणे बोलले असते तर कदाचित पुढचं टळलं असतं. सभ्यपणा ही नाजूक मनाच्या लोकांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आचारसंहितेची फाइल नुसती चिकटवून मात्र काही होत नाही. तक्रार कोणाकडे करायची आणि तो माणूस खरंच काही करतो का, यावर सगळं आहे. अनेक ठिकाणी तिथे दिलेला ईमेल कोणी उघडतही नाही.

आमच्या गटापुरतं ठरवलंय: पहिली पुल रिक्वेस्ट कोणी एकट्याने पाठवायची नाही. धुळे, नंदुरबारकडच्यांनी ऑनलाइन या. नियमांची फाइल आधी सोबत वाचू, अडलं तिथे बिनधास्त अहिराणीत विचारा, इंग्रजीचं नंतर बघू. आणि खडूस उत्तर आलंच, तर त्याला काय लिहायचं तेही सगळे मिळून ठरवू. त्या उलट्या बटणांसाठी वेबलेटवर खातं उघडून ठेवलंय, तिला हवं तेव्हा बसू.