‘टवाळकी’ म्हणणाऱ्या वाचकास

‘एक जुना वाचक’ यांस,

मागच्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीबीसी वर्ल्डवर क्विझमास्टर सिद्धार्थ बसू ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ नावाची जी भारतीय विद्यार्थी-संघांची क्विझ घ्यायचे, तिच्याबद्दल मी लिहिलं होतं. काही सीझन चालली आणि बंद पडली. त्या ओघात मूळ ब्रिटिश कार्यक्रमात १९७५ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या संघानं काय केलं, तेही सांगितलं होतं. प्रश्न कशावरही असो, त्यांचं उत्तर एकच: चे गव्हेरा. नाहीतर मार्क्स, ट्रॉट्स्की किंवा लेनिन.

त्यावर आपण लिहिलंत, “चार पोरांच्या टवाळकीला बंड म्हणण्याचा बाळबोधपणा आता पुरे. लवकर गुंडाळलेला इंग्रजी कार्यक्रम मराठी वाचकाच्या गळ्यात कशाला मारता? आणि भारतात तर कॉलेजं वेगवेगळीच उतरत होती, तेव्हा कोणी बोंब मारली नाही.”

आधी भाषेबद्दल. या ब्लॉगवर माझ्याशी न पटणारे पुष्कळ लोक येतात आणि मी त्यांना उत्तरं देतो. पण ‘पुरे’ हा शब्द घरातल्या लहान मुलाला उद्देशून वापरतात. मी लहान नाही, आणि आपण माझे वडीलधारे आहात की नाही हे कळायला आपण नावही दिलेलं नाही. मतभेद असतील तर ते असे हुडुत करून मांडायची गरज नव्हती. मी कोणाच्या गळ्यात काही मारत नाही. लेख आपण स्वतःहून उघडलात, शेवटपर्यंत वाचलात, वर प्रतिक्रियाही लिहिलीत.

आता टवाळकीबद्दल. आपलं हेच वाक्य मला लागलं, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

त्या मुलांची तक्रार काय होती हे मी लेखात दिलं होतं, आपण ते वगळलंत. ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिजचं प्रत्येक कॉलेज आपला वेगळा संघ पाठवू शकत होतं. मँचेस्टरसारख्या अख्ख्या विद्यापीठाला मात्र एकच संघ. म्हणजे दोन विद्यापीठांना डझनावारी संधी, बाकी बहुतेकांना एकेक. हा नियम आजही आहे. कार्यक्रम १९६२ ला सुरू झाला, १९८७ ला थांबला, १९९४ ला बीबीसीवर परत आला, पहिले प्रश्नकर्ते बॅम्बर गॅस्कॉइन यांच्या खुर्चीत जेरेमी पॅक्समन आणि आता अमोल राजन बसले, तरी ती पद्धत सुटली नाही. मग मला सांगा, १९७५ साली विशीतल्या चार विद्यार्थ्यांनी करायचं काय होतं? निर्मात्यांना पत्र लिहून उत्तराची वाट बघत बसायचं?

ज्यांनी हा खेळ कधी खेळला नाही त्यांना एक गोष्ट कळत नाही. पहिला प्रश्न दहा गुणांचा, तो एकट्यानं सोडवायचा. तो आला तरच पुढचे पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न मिळतात, आणि ते चौघांनी डोकी एकत्र करून सोडवायचे. बझर दाबला की निवेदक आधी विद्यापीठाचं नाव घेतो, मग खेळाडूचं आडनाव, आणि मगच उत्तर द्यायचं. ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. निवेदक गंभीर आवाजात ‘मँचेस्टर’ म्हणतो, आडनाव उच्चारतो, सगळा स्टुडिओ कान देतो आणि उत्तर येतं ‘ट्रॉट्स्की’. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तसंच. त्यांनी ना कोणावर काही फेकलं, ना शिवी दिली, ना स्टेज अडवलं. खेळाच्या नियमात राहून चुकीची उत्तरं दिली आणि त्याची किंमत स्वतःच्या गुणांत मोजली. दुसऱ्याच्या खर्चानं मजा मारतो तो टवाळ. यांनी स्वतःचा सामना पणाला लावला, तोही टीव्हीवर, सगळ्या देशासमोर. त्या चौघांपैकी डेव्हिड आरोनोविच पुढे नावाजलेले स्तंभलेखक झाले. मँचेस्टरनं पुढे हीच स्पर्धा २००६, २००९, २०१२ आणि २०१३ अशी चार वेळा जिंकली. उत्तरं येत नाहीत म्हणून खोड्या काढणारं हे विद्यापीठ नव्हे.

एक मात्र कबूल करतो. समोर बसलेल्या संघाचा यात काही दोष नव्हता. त्यांनीही तयारी केली असणार, आणि त्यांच्या वाट्याला नीट सामना आला नाही. हे आपण लिहिलं असतंत तर मी लगेच मान डोलावली असती. पण आपण ते लिहिलं नाही.

मी हे पुस्तकं वाचून बोलतोय असं आपल्याला वाटत असेल, म्हणून सांगतो. मी मराठी माध्यमातून आलेला. कॉलेजात असताना आमचा तिघांचा क्विझचा संघ होता. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गेलो, तर यजमान कॉलेजचेच इतके संघ की अंतिम फेरीतल्या निम्म्या टेबलांवर त्यांच्याच नावाच्या पाट्या. आम्हाला मात्र दारातच सांगितलेलं, एका कॉलेजचा एकच संघ. आमचे दोन मित्र, जे आमच्यापेक्षा हुशार होते, ते मग प्रेक्षकांत बसले. प्रश्न सुरू झाले की त्यांच्यातला एक ओठ हलवून उत्तरं पुटपुटायचा. बरीचशी बरोबर असायची. आयोजकांकडे गेलो तर ‘नियम छापील आहेत’ एवढंच उत्तर मिळालं. आम्ही गुमान खेळलो, हरलो, प्रमाणपत्रं घेतली आणि परत आलो. मँचेस्टरची गोष्ट मी बऱ्याच वर्षांनी वाचली, आणि पहिला विचार मनात आला तो हाच, की हे आपल्याला का सुचलं नाही! तेव्हा यात टवाळकी कोणती आणि बंड कोणतं, हे मला शिकवू नका. प्रेक्षकांत बसवलेल्या त्या मुलाचा चेहरा आपण पाहिलेला नाही.

आता इंग्रजी कार्यक्रमाबद्दल. ‘क्विझ टाइम’ १९८५ ला दूरदर्शनवर आला तोही इंग्रजीच होता, आणि मराठी घरांमधून तो आवडीनं पाहिला जायचा. २००३-०४ च्या भारतीय ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये जिंकलं ते अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग. मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध, असं विचारताना हे तरी आठवायचं होतं. आणि कार्यक्रम लवकर गुंडाळला म्हणून तो विसरावा, हे कुठलं शास्त्र? त्या काळात ‘कौन बनेगा करोडपती’नं क्विझ म्हणजे रक्कम असं समीकरण करून टाकलं होतं. तोही बसूंच्याच संस्थेनं उभा केलेला कार्यक्रम, आणि मला तो आवडायचा. पण ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये ना कोटी होते, ना लाइफलाइन, ना प्रत्येक उत्तराआधी ताणलेलं संगीत. चार विद्यार्थी एकमेकांकडे वळून कुजबुजायचे, कॅप्टन उत्तर सांगायचा, लगेच पुढचा प्रश्न. शिकलेली पोरं एकत्र विचार करताना टीव्हीवर दिसायची. ते मला आवडायचं, आणि त्याबद्दल मी पुन्हा लिहीन.

राहिला भारतात कॉलेजं वेगवेगळी उतरत होती हा मुद्दा. त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, त्यामुळे त्यात मी शिरत नाही.

पुढचा लेख ‘मास्टरमाइंड इंडिया’वर आहे. त्यावर आपलं मत जरूर लिहा. फक्त खाली नाव घाला आणि लेख आधी पूर्ण वाचा.