हॉल किती फुटांचा ते राहू द्या, हात किती आहेत ते सांगा

जळगाव म्हणा, भुसावळ म्हणा, धुळं म्हणा, घरी पाळणाघर काढायचं ठरवणाऱ्या ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हॉल मोठा आहे आमचा, किती पोरं घेऊ?" हॉलचा इथे काही संबंध नाही. कुलरच्या प्लगमधून धूर निघाला तर एका फेरीत किती मुलं दाराबाहेर काढता येतील, तेवढी घ्या. चालता न येणारी दोन, एकेका कडेवर एकेक. पदर धरून मागोमाग येतील एवढी समज असलेली आणखी दोन. फार तर तीन. एकट्या बाईने त्यापुढे एकही घेऊ नये, मग शेजारीण कितीही गळ घालू दे.

"सरकार तर दहा म्हणतं" असं लगेच कुणीतरी म्हणेल. केंद्राच्या २०१८च्या पाळणाघरांच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका सांगितली आहे, खरं आहे. पण तिच्या जोडीला मदतनीस धरलेली आहे. घरच्या पाळणाघरात सेविका, मदतनीस, स्वयंपाकीण आणि बेल वाजली की दार उघडणारी, सगळी एकच बाई असते.

आता "माझं लक्ष असतं" या वाक्याकडे येऊ. तुम्ही कुठे बसता त्यावर तुमचं लक्ष किती राहील ते ठरतं. पाठ भिंतीला, आणि दार व मोरी दोन्ही डोळ्यांसमोर. ओट्यापाशी उभं राहून कान मागे ठेवले तर भांडण ऐकू येईल, पण बुडणारं मूल आवाज करत नाही. म्हणून स्वयंपाक मुलं यायच्या आत उरकायचा. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे ड्रम, टप, बादल्या कायम भरलेल्या. नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत डोकावतं, अंगाच्या मानाने डोकं जड असल्याने तोल पुढे जातो, आणि एकदा उलटं झालं की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणी पुरतं. मोरीच्या दाराला बाहेरून, आपल्या खांद्याच्या उंचीवर कडी लावा. ड्रमला घट्ट झाकण. रिकामी बादली पालथी.

डोकी मोजायची सवय लावून घ्या, तीही मोठ्याने. अंगणातून आत आल्यावर, जेवायला बसताना, झोपेतून उठल्यावर, आणि दूधवाला किंवा कुरिअरवाला येऊन गेल्यावर तर हमखास. मूल बाहेर निसटतं ते अशाच वेळी, दार उघडं असतं आणि तुम्ही सुट्टे पैसे शोधत असता.

कुलरवर वेगळं लिहावं लागतं, कारण मार्चपासून जूनपर्यंत आपलं घर त्याच्यावरच चालतं. पत्र्याचा जुना कुलर, आतल्या पंपाचं इन्सुलेशन गेलेलं, अर्थिंग नावालाच, आणि खाली सांडलेल्या पाण्यात अनवाणी पोरं. पत्र्यात करंट उतरतो तो असा. एमसीबी बसवली म्हणजे झालं असं समजू नका. ती वायरिंग जळू नये म्हणून असते. माणसासाठी ३० मिलीअँपची आरसीसीबी लागते, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा खटका. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, ती पडली पाहिजे. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. शक्य तर कुलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

पारा ४५च्या पुढे गेला की खेळणारं मूल पाणी मागत नाही, त्याला खेळ हवा असतो. दर अर्ध्या तासाने पेला स्वतः हातात द्या. सहा तासांत डायपर ओला झाला नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तर आईला फोन आणि थेट डॉक्टर. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. "थोडं थोडं देऊ" म्हणून अर्धी पुडी ग्लासात टाकतात. त्यात मीठ जास्त होतं आणि बाळाला अपायच होतो. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या.

खाण्यात खिचडी, वरणात कुस्करलेली बट्टी, केळं, सगळं चालतं. फक्त अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार वर्षांपर्यंत नाहीत. शेंगदाणा आपल्याकडे घराघरात, मुठीने दिला जातो, आणि नेमका तोच श्वासनळीत अडकतो. कूट करून द्या. द्राक्षाचे उभे चार भाग, बोराची बी काढलेली. एक वर्षाखाली मध अजिबात नाही, चाटणातसुद्धा. घशात अडकलं आणि मूल जोरात खोकतंय तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, मग उताणं करून छातीवर दोन बोटांनी पाच दाब. हे आलटून पालटून. दिसत नसलेला तुकडा बोट घालून शोधू नका, तो आणखी आत जातो. १०८ला फोन दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा.

वळण लावण्याबद्दल मात्र माझं आपल्या बायकांशी भांडण आहे. "बागुलबुवा येईल", "डॉक्टर सुई टोचतील" यावर मूल गप्प होतं, आणि पुढे लसीच्या दिवशी दवाखाना डोक्यावर घेतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला "पळू नको" म्हटलं तर त्यातलं "पळ" तेवढं ऐकू येतं. "चालत ये" म्हणा. "पाच मिनिटांनी आवरायचं" त्याला कळत नाही. "अजून दोनदा घसरगुंडी, मग हात धुवायचे" हे कळतं.

चावणं बघा. दोन पोरं, एक लाल ट्रॅक्टर, वेळ साडेअकरा. ओढाओढी, आणि दुसऱ्या क्षणी दंडावर दातांचं कडं. ज्याला चावा बसला त्या पोराला आधी जवळ घ्या, चावणाऱ्याकडे नंतर. साबण-पाण्याने धुवा, गार फडकं लावा. मग चावणाऱ्याच्या उंचीला बसून एकच वाक्य: "चावायचं नाही, दुखतं." भाषण नको, उलट चावून दाखवणं तर नकोच. दोघांच्याही घरी सांगायचं, पण कोण चावलं ते नाव सांगायचं नाही. आणि वेळ वहीत लिहा. आठवडाभरात दिसेल की हे जेवणाआधी किंवा झोपेआधीच होतं. जेवण अर्धा तास अलीकडे घ्या आणि तसलाच दुसरा ट्रॅक्टर आणा; निम्मी चावाचावी तिथेच थांबते.

मूल "माले भूक लागनी" म्हणालं तर "मला भूक लागली म्हण" असं अडवू नका. आधी ताट वाढा, आणि अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला.

टीव्ही दोन वर्षांपर्यंत नाही, पुढे दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९पासूनचं म्हणणं हेच आहे. पालक विचारतात की टीव्हीशिवाय पोरं शांत कशी राहतील. राहू नयेत ना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चौकटीत झोका बांधायचाच, तर खाली गादी आणि समोर कुणी रांगतं नाही एवढं बघा. डोक्याला लागलं तर टेंगूळ चोळू नका. उलटी, झापड, एकटक बघणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. काहीच नसलं तरी घरी सांगा, म्हणजे ते रात्रभर लक्ष ठेवतील.

शेवटचा अर्धा तास सगळ्यात गोंधळाचा. न्यायला कोण येणार त्यांची नावं, फोटो आणि नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. यादीबाहेरचं कुणी आलं, सख्खा काका असला तरी, आईला फोन लागेपर्यंत त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या, मूल आतच ठेवा. राग येईल त्याला. येऊ द्या.