एकूण वजन, माणसांसकट

68 हा आकडा माझा नाही. माझा 61 आहे आणि काउंटरवरच्या मुलाला तो मी स्वच्छ आवाजात सांगितला होता. तरी भाड्याच्या आरव्हीच्या, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या मोठ्या गाडीच्या, कागदावर माझ्या नावापुढे 68 लिहिलंय, आणि खाली सही माझीच आहे.

सुट्टीत मुलांना घेऊन आरव्हीने फिरायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे नवरा म्हणाला, "तू ठरव, मला काहीही चालेल," आणि गाडी बघायच्या आधीच मुलांनी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झोपायच्या बंकवरून भांडण उकरून काढलं. मग कागदपत्रं करायला आम्ही चौघं गेलो.

"प्रवाशांची वजनं सांगा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

मला वाटलं, चाइल्ड सीटसाठी विचारतोय. तर नाही, सगळ्यांची हवी होती. आरव्ही मुळातच जड. आत ओटा, फ्रिज, पलंग, संडास. एवढं सगळं बसवून झाल्यावर माणसं, पाणी आणि सामान मिळून किती चढवता येईल याची मर्यादा असते. आम्ही बघितलेल्या गाडीची होती 450 किलो. ती ओलांडली की टायरवर ताण येतो, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, आणि काही झालंच तर विमेवाल्यांना हात वर करायला आयतं कारण मिळतं. मला हे सगळं पटलं. म्हणूनच तर खरं वजन सांगितलं.

बाजूच्या खुर्चीत एक आजोबा बसले होते. त्यांची गाडी परत देऊन झाली होती आणि डिपॉझिट मिळायची वाट बघत होते. त्यांनी चष्म्याच्या वरून मला एकदा पाहिलं आणि त्या मुलाला म्हणाले, "68 लिही."

"आजोबा, मी कालच वजन केलंय."

"सकाळी ना? उपाशीपोटी?"

"हो."

"अंगावर काय होतं?"

दुकानात आणखी दोन कुटुंबं होती. दोन्ही गप्प झाली. माझा नवरा भिंतीवरचा अग्निशामक नळकांड्याचा तक्ता वाचायला लागला.

मी उत्तर देत नाही म्हटल्यावर आजोबांनी हिशेब स्वतःकडे घेतला. "ही जीन्स पाऊण किलो. बूट, जोडी पाऊण किलो. पर्स आणा इकडे." का कोण जाणे, मी दिली. त्यांनी ती दोन बोटांवर लटकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अडीच. झाले 65. आणि सुट्टीत खाणार नाही का काही? तीन धरा. 68."

बेरजेत चूक काढायला जागा नव्हती, याचाच जास्त राग आला.

मग कळलं की आजोबांनी उभी नोकरी ट्रकांच्या वजनकाट्यावर काढली होती. "ट्रक वळणावर दिसला की सांगायचो, किती भरलाय ते," असं ते माझ्याकडे बघत म्हणाले. "माणूस तर सोपा. माणसाला ताडपत्री नसते." यावर मुलं जी खूश झाली, की विचारू नका. मुलगा पुढे होऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. "41. मान ताठ ठेव, वजन बदलत नाही." मुलीला त्यांनी काखेत धरून उचललं, जरासं हलवलं. "23. खिशात काय आहे गं?" तिच्या खिशातून दगड निघाले. दगड काढून ठेवा म्हणाले, पण आकडा तोच ठेवला, "वाटेत ती परत गोळा करणार" म्हणून. तेवढ्यात दुसऱ्या कुटुंबातले एक गृहस्थ उठून रांगेत उभे राहिले. त्यांना ना गाडी बुक करायची होती, ना कोणी विचारलं होतं. त्यांना नुसतंच जाणून घ्यायचं होतं. नवऱ्याच्या वाट्याला 84 आले. तो म्हणाला, "अगदी बरोबर!" आणि त्याने आजोबांशी हात मिळवला.

काउंटरवरच्या मुलाने सगळे आकडे आजोबांचे घेतले. माझ्याबद्दल मी दिलेली माहिती आणि माझ्याबद्दल एका परक्या माणसाने केलेला अंदाज, यात त्याला अंदाज खात्रीचा वाटला. हे फक्त वजनाच्याच बाबतीत होतं असं समजू नका. पण ते जाऊ दे.

तर चौघांचे मिळून 216. स्वच्छ पाण्याची टाकी 120 लिटरची, म्हणजे आणखी 120 किलो. उरले 114. त्यात अंथरुणं, भांडी, किराणा, घडीच्या खुर्च्या, चार सायकली आणि मुलीचे दगड. पाणी थोडंच भरून निघा, मुक्कामावर टाकी भरा, असा सल्ला आजोबांनी दिला. सल्ला चांगला होता. मी आभार मानले नाहीत.

घरी येऊन मी वाचायला बसले, की ही चाकांवरच्या घराची हौस मुळात कुणाला सुचली. गॉर्डन स्टेबल्स नावाचे निवृत्त नौदल डॉक्टर 1885 साली 'वाँडरर' नावाची कॅरव्हॅन घेऊन ब्रिटनभर फिरले. गाडी साधारण दोन टनांची, ओढायला दोन घोडे. सोबत गाडीवान होता, आणि एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन वाट मोकळी करायचा. पुढे 1910 साली पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात घरासारखी मोटार मांडली. तिच्या मागच्या सीटचा पलंग व्हायचा, आणि मालकांना पुढच्या ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन होता. मला हा टेलिफोन फार आवडला. मुख्य म्हणजे तो ठेवून देता येत असणार. आणि एकूण काय, तर भटकंतीचा हा मोकळेपणा ज्यांनी शोधून काढला, त्यांच्या पदरी माणसं होती. यादी करायला कोणीतरी दुसरं होतं.

माझ्याकडे काहीही चालणारा नवरा आहे. त्याला काहीही चालतं, फक्त ते कोणीतरी आधी शोधून, तुलना करून, बुक करून समोर ठेवावं लागतं. "मनाला येईल तिथे थांबा," असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात चांगल्या कॅम्पच्या जागा काही महिने आधीच भरतात, आणि फॉर्ममध्ये पहिला प्रश्न गाडीच्या लांबीचा. गाडीची उंची वेगळी लिहून डॅशबोर्डवर चिकटवायची, कारण वाटेतला एखादा पूल मनाला येईल तेवढा उंच नसतो. रात्री जनरेटर बंद. एसी, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवायचं यंत्र 30 अँपिअरच्या जोडणीवर एकदम लावलं की ब्रेकर पडणार. गाडीत सहाजण झोपू शकतात असं मोठ्या अक्षरांत, आणि सीटबेल्ट चारच आहेत हे बारीक अक्षरांत. चालत्या गाडीत बंकवर झोपता येणार नाही, पट्टा लावून खालीच बसायचं, हे ऐकल्यावर मुलगा म्हणाला, "मग आपण जातोच कशाला?" त्या आठवड्यात घरात कोणी विचारलेला हा एकमेव मुद्द्याचा प्रश्न होता.

राहिली ब्लॅक टँक. आरव्हीत सिंक आणि शॉवरचं पाणी एका टाकीत जातं, ती ग्रे. संडासाचं दुसऱ्या टाकीत, ती ब्लॅक. ती आपणच रिकामी करायची. हातमोजे चढवायचे, जाड नळी गाडीच्या पोटाला जोडायची, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घट्ट बसवायचं, आणि आधी ब्लॅकची खिट्टी ओढायची, मग ग्रेची. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम उलटा करायचा नाही. खिट्टी कायम उघडी ठेवायची नाही, नाहीतर पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं मागे ढीग करून बसतं. हे मी जेवताना वाचून दाखवलं, कारण एरवी चौघं एका जागी सापडत नाहीत. मुलांनी ढिगाबद्दल खूप प्रश्न विचारले.

नवऱ्याने ताट बाजूला सारलं. "हे कोण करणार?"

"तुला काहीही चालतं ना," म्हणत मी यादीत त्या ओळीपुढे त्याचं नाव लिहिलं.

तेव्हापासून या सहलीत त्याचं अचानक लक्ष आहे. वाटेतले पेट्रोलपंप त्याने नकाशावर शोधलेत, ज्यांच्याकडे स्वच्छतागृह आहे त्यांच्यापुढे खुणा केल्यात, आणि काल मुलांना समोर बसवून नियम सांगितला, की गाडीतला संडास फक्त अडीअडचणीसाठी, एरवी कोणी त्याला हातही लावायचा नाही. म्हणजे आता संडास असलेलं घर भाड्याने घ्यायचं, ते रस्त्याने ओढत न्यायचं आणि दर तासाला संडाससाठी थांबायचं.